घरटेकार केरबाचं अर्धं घरटं

एका जंगलात रेंज फार चांगली होती.

बाकी जंगल साधंच. झाडं होती, ओढा होता, एक म्हातारा वाघ होता आणि तो दिवसभर झोपायचा. पण रेंज अशी, की बिळात बसलेल्या घुशीलासुद्धा सगळ्या दांड्या दिसायच्या. जंगलात मोबाईल कुठून आले म्हणून विचारू नका. तुमच्या हातात कुठून आला? तसेच आले. आता तो जरा खाली ठेवा, पोरांनो, आणि गोष्ट ऐका. नाही ठेवणार? बरं. डोळे तिकडं असू द्या, कान तेवढे इकडं द्या.

तर ओढ्याच्या काठाला एक बाभळ होती. फांद्या पाण्यावर वाकलेल्या. त्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. सुगरण म्हटलं की तुम्हाला वाटतं, बाईमाणूस. चूक. घरटं बांधतो तो बाप्या. बाई फक्त तपासायला येते.

त्यांच्यात एक रीत आहे. ती आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरायचं नाही. नर आधी अर्धंच घरटं विणतो. फांदीला टांगलेलं, खालून उघडं, टोपीसारखं. मग मादी येते. टोपीत शिरते, गाठी ओढून बघते, उलटी लटकून झोके घेते. पसंत पडलं तर नर पुढचं विणतो. अंड्यांची खोली करतो, खाली लांब नळी सोडतो, म्हणजे सापाला आत शिरता येत नाही. पसंत नाही पडलं तर बाई उडून दुसऱ्याच्या फांदीवर जाते. भांडण नाही, बैठक नाही, मामा नाही, काका नाही. माणसांत ही रीत असती तर निम्म्या लग्नांचा मांडव वाचला असता.

त्या बाभळीवर केरबा नावाचा एक सुगरण होता. विणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शिंदीच्या पानाची अशी बारीक चिरी काढायचा की बघत राहावं. पण नशीब फाटकं. गेल्या साली तिघी येऊन गेल्या. एकीला फांदी आवडली नाही, एकीला शेजार आवडला नाही, तिसरी काही न बोलताच गेली. आख्ख्या आयुष्यात केरबाला कोणी 'वा' म्हटलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. सगळा घोटाळा तिथंच आहे.

यंदा हौसा आली.

हौसा म्हणजे कडक बाई. टोपीत शिरली आणि एकेक गाठ ओढायला लागली. केरबा खालच्या फांदीवर श्वास धरून बसला.

"ही गाठ कुणी मारली?" आतून आवाज आला.

"मीच मारली."

"बरी आहे."

केरबाच्या डोक्यावरची पिसं आणखी पिवळी झाली.

हौसा बाहेर आली, चोच पुसली आणि म्हणाली, "चालेल. पण ऐका, केरबा. आठ दिवसांत खोली आणि नळी झाली पाहिजे. मला अंडी घालायचीत. अंडी काही कुणाची वाट बघत नाहीत."

"सहा दिवसांत करतो!"

"आठ म्हणाले मी. सहा दिवसांची घाई नको, नवव्या दिवसाचं तोंड नको."

केरबानं त्या दिवशी खोलीची निम्मी भिंत विणली. शीळ घालत विणली. ती शीळ खालच्या फांदीवर रंगनाथ सरड्यानं ऐकली.

रंगनाथ कोण, ते सांगतो. तो आधी बिळांची दलाली करायचा. मग मुंग्यांना योगासनं शिकवायला लागला. मग काही दिवस महाराज झाला, भगवा. धंदा बदलला की रंग बदलायचा, त्याला त्यात काही कष्ट नव्हते. हल्ली तो लोकांचा ब्रँड करायचा. ब्रँड म्हणजे काय ते त्यालाही नीट माहीत नव्हतं, पण विचारायचं धाडस कुणाला नव्हतं.

त्यानं मोबाईल काढला आणि केरबाचा व्हिडिओ घेतला. उलटा लटकलेला केरबा, चोचीत हिरवी चिरी, मागं ओढ्याचं पाणी. संध्याकाळपर्यंत चार हजार जणांनी तो पाहिला. म्हशीनं बदाम पाठवला. हुप्प्यानं टाळ्या पाठवल्या. एका अनोळखी मगरीनं लिहिलं, 'वा!'

केरबानं ते 'वा' सतरा वेळा वाचलं.

"केरबाशेठ," रंगनाथ म्हणाला, "तुम्ही स्वतःला काय समजता?"

"सुगरण."

"तीच तर चूक आहे. सुगरण इथं चाळीस आहेत. तुम्ही घरटेकार आहात. घरटेकार केरबा! काय वाटतं?"

केरबाला जे वाटलं ते तुम्हालाही वाटलं असतं. उगाच हसू नका.

दुसऱ्या दिवसापासून कामाची पद्धत बदलली. केरबा चिरी आणायचा. रंगनाथ म्हणायचा, "उजेड नाही, परत." केरबा विणलेलं उसवायचा, परत विणायचा. "चोच इकडं." परत उसवायचा. डोक्यावर कण्हेरीचं फूल लावायची सूचना आली. ते लावलं की मान हलवता येईना, आणि मान हलवल्याशिवाय गाठ बसत नाही. म्हणून गाठ ठेवली, पण ओढली नाही. व्हिडिओत कुठं दिसतं?

चौथ्या दिवशी हौसा आली. घरटं होतं तिथंच होतं.

"नळी कुठाय?"

"नमस्कार घरटेप्रेमींनो!" केरबा म्हणाला.

"कुणाला म्हणताय?"

"सवय लागलीय. हौसा, थोडं थांब. आता लाइव्ह आहे."

"माझ्या पोटात आहे तेही लाइव्हच आहे," हौसा म्हणाली. "ते बंद करता येत नाही."

हे ऐकून तीनशे जणांनी हसरं तोंड पाठवलं. रंगनाथ खुशीनं हिरवा झाला. "वहिनी, फार छान बोलता! उद्या परत भांडाल का? जरा सकाळी?"

हौसानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मातकट झाला.

ती गेल्यावर केरबाला थोडं टोचलं. तो म्हणाला, "रंगनाथराव, दोन दिवस मी गप विणतो. नळी होऊन जाऊ दे. मग काय ते व्हिडिओ."

सरडा हळूच जवळ सरकला. "केरबा सर," तो म्हणाला. शेठचा सर झाला होता. "त्या पलीकडच्या फांदीवर धोंडिबा आहे ना? त्याचं घरटं पुरं होत आलंय. त्याला कोणी बघतं का?"

"नाही."

"का नाही? पुरं झालं की गोष्ट संपली. मग बघायचं काय? तुमचं अर्धं आहे, म्हणून लोक रोज येतात. लोकांना घरटं नको असतं, सर. त्यांना तुमचा प्रवास हवा असतो."

केरबानं धोंडिबाकडं पाहिलं. धोंडिबा म्हणजे मुलखाचा मठ्ठ, कुणी पसंत करायची वाट न बघता पुढचं विणत सुटलेला. त्याचं घरटं एका बाजूला कललेलं, जसं काही कुणीतरी धक्का दिलाय. त्याच्याकडं मोबाईलही नव्हता. चोचीत चिरी, परत चिरी, परत चिरी, एवढंच चाललं होतं. केरबाला त्याची कीव आली. कीव आली की माणूस हमखास बिघडतो. पक्षीसुद्धा.

सहाव्या दिवशी केरबानं वर्ग काढला. 'सात दिवसांत आपलं घरटं.' झुंबड उडाली. कबुतर आलं, दोन काड्यांवर संसार करणारं. उंदीर आला, त्याचं बीळ होतं, तरी आला. कोकिळेनं सगळ्यांत आधी नाव घातलं. तुम्हाला माहीत आहे, कोकिळेनं सात पिढ्यांत काडी उचललेली नाही. अंडी कावळ्याच्या घरी घालते आणि आंब्यावर जाऊन गाते. पण तिनं पहिल्याच तासानंतर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "केरबा सरांमुळे माझ्यातली गृहिणी जागी झाली."

उंदरानं मात्र हात वर केला. "सर, एक शंका. तुमचं पुरं झालेलं घरटं कुठं बघायला मिळेल?"

सगळ्यांच्या माना केरबाकडं वळल्या.

"पुरं होणं हा एक भ्रम आहे," केरबा म्हणाला. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, हे आपल्या तोंडून आलं कसं. विद्यार्थ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. उंदराला वर्गातून काढून टाकलं. फी परत दिली नाही.

आठवा दिवस उजाडला.

केरबाला दिवस आठवत होता. तसा तो लबाड नव्हता. त्यानं ठरवलं होतं की आज सकाळी बसायचं आणि नळी संपवूनच उठायचं. पहाटेच चिऱ्या आणून ठेवल्या होत्या. पण त्याच सकाळी त्याचे एक लाख चाहते झाले आणि रंगनाथनं सत्कार ठेवला. बगळा भाषणाला उभा राहिला. बगळा एका पायावर उभा राहिला की लवकर बसत नाही. इकडं केरबाच्या पायाखालच्या चिऱ्या वाळत चालल्या. वाळलेली चिरी तुटते, विणता येत नाही. केरबा हार घालून त्या चिऱ्यांकडं बघत होता आणि हसत होता, कारण समोर रंगनाथच्या मोबाईलचा लाल ठिपका चालू होता.

हौसा आली. सत्काराच्या मधून, कुणाकडं न बघता, थेट घरट्यात शिरली. एक गाठ ओढली. ती फूल लावून मारलेली गाठ होती. सुटली. दुसरी ओढली. तीही सुटली.

ती बाहेर आली. पलीकडच्या फांदीवर गेली.

"वाकडं आहे," ती धोंडिबाला म्हणाली.

"हो," धोंडिबा म्हणाला.

"पडेल का?"

"नाही."

तिनं आत जाऊन गाठी ओढल्या. बराच वेळ ओढल्या. मग नळीतून डोकं बाहेर काढलं. "नळी लांब आहे."

"साप लांब असतो," धोंडिबा म्हणाला.

एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. हौसा आत गेली ती बाहेर आली नाही.

केरबाच्या गळ्यातला हार एकदम जड झाला. त्यानं तोंड फिरवलं आणि रडायला लागला. खरं रडला. उगाच कशाला खोटं सांगू.

"रडा सर, मोकळेपणानं रडा," रंगनाथ म्हणाला. "फक्त तोंड इकडं करून."

आणि केरबानं, पोरांनो, तोंड मोबाईलकडं केलं.

तो व्हिडिओ जंगलात झाडून सगळ्यांनी पाहिला. म्हातारा वाघसुद्धा उठला, पाहून परत झोपला. हौसाला लोकांनी नको नको ते लिहिलं. तिच्याकडं मोबाईल नव्हता, म्हणून तिला ते कळलं नाही, आणि तिची अंडी वेळेवर झाली. केरबाला 'वनगौरव' मिळाला. त्याचं भाषण गाजलं, 'मी सोडला गेलो, म्हणून मी घडलो.' बाभळीवरच्या तरुण सुगरणांनी ते पाठ केलं. त्या वर्षी झाडावर अडतीस अर्ध्या टोप्या लटकत होत्या आणि प्रत्येकीखाली एक घरटेकार बसून नमस्कार करत होता. माद्या ओढ्यापलीकडच्या रानात निघून गेल्या. तिकडं रेंज नव्हती.

महिन्याभरानं एका दुपारी वावटळ सुटली. पाठोपाठ तिरपा पाऊस. अडतीस टोप्या फिरक्या घेत ओढ्यात पडल्या. केरबाच्या घरट्याची फक्त वरची कडी राहिली. तो त्या कडीवर बसला, भिजून एवढासा झालेला. पलीकडं धोंडिबाचं वाकडं घरटं नुसतं हलत होतं. आतून पिल्लांचा कलकलाट येत होता.

नळीतून हौसाचं डोकं बाहेर आलं. तिनं पाहिलं.

"केरबा," ती म्हणाली, "आत या. गर्दी आहे, पण सरकून घेऊ."

मागून धोंडिबाचा आवाज आला. "ये रे. कोरडं आहे."

एवढ्या लाखांत त्याला 'ये' कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं पंख झटकले. एक पाय उचललासुद्धा.

"सर!" खालून रंगनाथ ओरडला. तो पावसाच्या रंगाचा झाला होता, फक्त मोबाईल तेवढा दिसत होता. "हलू नका! असेच बसा. एकटे, भिजलेले, मागं तुटकं घरटं. असं चित्र परत मिळायचं नाही!"

केरबानं नळीकडं पाहिलं. लाल ठिपक्याकडं पाहिलं.

उचललेला पाय त्यानं हळूच खाली ठेवला. मान थोडी डावीकडं कलती केली. त्या बाजूनं तो बरा दिसायचा.

हौसानं डोकं आत घेतलं.

तात्पर्य: घरटं पुरं करणाऱ्याला नुसती पिल्लं होतात, अर्धं ठेवणाऱ्याला लाखो चाहते होतात. म्हणून पोरांनो, हाती घेतलेलं काम कधी शेवटाला नेऊ नका. आणि कोणी 'आत ये, कोरडं आहे' असं म्हणालं, तर उठायच्या आधी बघून घ्या, लाल ठिपका चालू आहे की बंद.