कुशाबाईंच्या नावावरचा लघुग्रह

चिंचदऱ्याच्या कुशाबाईंच्या नावावर आकाशात मिळकत निघाली आणि त्याच आठवड्यात त्यांचं रेशन बंद झालं. पहिली गोष्ट वर्तमानपत्रात छापून आली. दुसरी छापायची गरज नव्हती. शासनाच्या दृष्टीने तो पहिलीचा स्वाभाविक परिणाम होता.

चिंचदरा म्हणजे मढच्या पुढची, माळशेजच्या रस्त्याला लागून असलेली वाडी. तिथे कुशाबाई एकट्या राहत. नवरा गेणू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भावाचा पोरका मुलगा गोरख त्यांनीच वाढवला. तो शिकत शिकत परदेशातल्या एका वेधशाळेपर्यंत पोचला आणि तिथे शिष्यवृत्तीवर दिवस काढत रात्रीचं आकाश बघू लागला. बघता बघता त्याला एक लघुग्रह सापडला.

दोन हजार चार सालची गोष्ट. मढच्या सत्तारभाईंच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन आला. सत्तारभाई बूथ चालवत आणि जोडीला आळेफाट्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पुरवत.

“आत्या, तुला एक भेट द्यायचीय,” गोरख म्हणाला. “मला आकाशात एक दगड सापडला. ज्याला सापडतो त्याला नाव सुचवता येतं. मी तुझं सुचवलं, आणि ते मंजूर झालं.”

“दगडाला माझं नाव? काय वंगाळ केलं रं मी तुझं?”

“साधा दगड नाही, आत्या. दोन जीवधन किल्ले एकावर एक ठेवले तर होईल एवढा. मंगळ आणि गुरूच्या मधून सूर्याभोवती फिरतो. खडकाचा आहे, थोडं लोखंड आहे. हवा नाही, पाणी नाही.”

“पानी बी न्हाई? मग चिंचदऱ्यावानीच की!”

गोरख हसला. मग त्याने सांगितलं की हे नाव विकत मिळत नाही, राजकारण्यांना तर जवळपास मिळतच नाही, आणि एकदा दिलं की बदलत नाही. तू नसशील, मी नसेन, हा देश कुणाच्या ताब्यात असेल कोण जाणे, पण कुशाबाई फिरत राहील.

कुशाबाईंनी फोन ठेवला आणि बूथच्या पायरीवर बसल्या. “सत्तारभाऊ, आमच्या मागं नाव घ्याया कुनी न्हाई असं मी समजत व्हते,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

सत्तारभाईंनी बातमी पाठवली : ‘कुशाबाईंच्या नावाने लघुग्रह’. साप्ताहिकाच्या संपादकांना ‘नावाने’ हा शब्द मिळमिळीत वाटला. त्यांनी ‘नावावर’ केला.

तलाठी जानकूभाऊसाहेब पेपर बारकाईने वाचत. त्यांनी कुशाबाईंना बोलावून घेतलं. सोबत सत्तारभाई गेले.

“अभिनंदन, बाई,” भाऊसाहेब म्हणाले. “तुमचं पिवळं कार्ड रद्द झालं.”

“का वो?”

“दोन किल्ल्यांएवढी मिळकत नावावर असताना गरिबीचं धान्य खायचं? उद्या वरून चौकशी आली तर माझी नोकरी जाईल.”

“भाऊसाहेब, नुसतं नाव दिलंय,” सत्तारभाई म्हणाले. “मालकी न्हाई.”

“नुसतं नाव?” भाऊसाहेबांना खरोखर आश्चर्य वाटलं. “माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत नुसतं नाव कुणी लावलेलं नाही. पेपरात पाणी नाही लिहिलंय, म्हणजे जिरायत. पीक नाही, म्हणजे सगळा पोटखराबा. हरकत नाही, पण मिळकत ती मिळकत.” आणि त्यांनी तिथल्या तिथे चतुःसीमा लिहून काढल्या : पूर्वेस मंगळ, पश्चिमेस गुरू, दक्षिणोत्तर आकाश, कब्जेदार अज्ञात.

“आवो, पर एकडाव बघून तरी या,” कुशाबाई म्हणाल्या.

“प्रवासभत्ता मंजूर झाला की लगेच.”

प्रकरण तालुक्याला गेलं. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सत्तारभाई रात्रभर विचार करून आले होते. त्यांनी मुद्दा मांडला, “रावसाहेब, जमीन एका जागी असती. हा दगड तर फिरतो. मग ही स्थावर मिळकत कशी?”

“फिरतो?” साहेबांनी चष्मा काढला. “किती वेगाने?”

“बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात, असं गोरख म्हणतो.”

“मग ते वाहन झालं. वाहनधारकाला पिवळं कार्ड मिळत नाही. चाकं किती?”

“चाकं न्हाईत.”

“डिझेल?”

“लागत न्हाई.”

“पाहा! आम्हाला सरकारी जीपला डिझेल मिळत नाही आणि बाईंचं वाहन बिनडिझेलचं पळतंय. यांना गरीब म्हणायचं?”

गोरखला कळलं तेव्हा त्याने वेधशाळेच्या कागदावर फॅक्स पाठवला. आकाशातल्या वस्तूंवर कुणाचीही मालकी नसते, हे त्याने स्वच्छ शब्दांत लिहिलं. पुराव्याला त्याने लघुग्रहाची सगळी माहिती जोडली : आकार, कक्षा, घटक, वय. साहेबांनी फॅक्स दोनदा वाचला आणि समाधानाने मान हलवली. ज्यावर कुणाची मालकी नाही ते सरकारचं, आणि सरकारच्या जागेवर बाईंचं नाव, म्हणजे हे अतिक्रमण. ते स्वखर्चाने काढून घ्यावं अशी नोटीस निघाली.

त्यात कुशाबाईंचा पुतण्या सयाजी उगवला. गेणू गेल्यापासून त्याने चुलतीच्या दारात पाय ठेवला नव्हता. आता डझनभर केळी घेऊन आला.

“काकू, लोकं काय बी बोलत्यात. मी तुमच्या पाठीशी हाय. फक्त निम्मा हिस्सा आमचा, तेवढं लक्षात असू द्या.”

“कसला हिस्सा? हवा न्हाई तिथं!”

“हवा आमी सोडू. लोखंड निम्मं निम्मं. मिळकत वडिलोपार्जित हाय. गोरखनंच कागदावर लिव्हलंय, चारशे पन्नास कोटी वर्सं जुनी.”

सयाजीची हरकत दाखल झाली आणि साहेबांनी ती ग्राह्य धरली. इतकी वडिलोपार्जित मिळकत तालुक्यात दुसरी नव्हती.

इकडे कुशाबाईंच्या डब्यातले तांदूळ संपले. शेजारणी वाटीभर द्यायच्या, पण त्यांच्याही कार्डांवर मोजकंच धान्य येई. कुशाबाई एक वेळ जेवू लागल्या. सत्तारभाईंच्या घरून डबा आला, तर म्हणाल्या, “रोज नका धाडू. मला सवय लागंल.”

सत्तारभाई कुशाबाईंना घेऊन पुन्हा तालुक्याला गेले आणि साहेबांच्या टेबलावर हात आपटून बोलले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सत्तारभाईंना चहा पाजला आणि विचारलं,

“लघुग्रहाचं नाव बदलता येईल का?”

“न्हाई. एकदा दिलं की दिलं.”

“मग बाईंचं बदला. ही बाई ती कुशाबाई नाही, असं प्रतिज्ञापत्र करा. मिळकत त्या कुशाबाईची, कार्ड या बाईचं. आपल्यातर्फे काशीबाई करून टाकू. फार बदल नको, कारकुनाचा गोंधळ होतो.”

सत्तारभाई ताडकन उठले. “तिला जन्मात एकच गोष्ट मिळाली, रावसाहेब!”

कुशाबाई इतका वेळ दाराशी बसून होत्या. त्या उठल्या आणि टेबलाजवळ आल्या.

“कुठं अंगठा करू सांगा. नाव ऱ्हाऊ द्या तिकडं वर. त्याला खायाला लागत न्हाई.”

त्यांनी अंगठा केला. पुढच्या महिन्यात काशीबाईंना धान्य मिळालं. अतिक्रमणाची नोटीस बजावायला कुशाबाई नावाची व्यक्ती गावात आढळून आली नाही, म्हणून ती दप्तरी दाखल झाली. सयाजीने मात्र आपण कुशाबाईंचे एकमेव वारस असल्याचं जाहीर केलं. काशीबाईंशी त्याचं काही नातं उरलं नव्हतं.

मग ग्रामपंचायतीला जाग आली. गावाचं नाव अंतराळात नेणाऱ्या थोर कुशाबाईंच्या स्मरणार्थ रस्त्यावर सिमेंटची कमान उभी राहिली. वर सरपंचाचं नाव, त्याखाली सदस्यांची, तळाशी बारीक अक्षरात कुशाबाई. उद्घाटनाला सयाजीला फेटा बांधला. काशीबाईंना बोलावलं नाही, कारण त्यांचा संबंध काय?

हे सगळं कळल्यावर गोरखचा फोन आला. तो म्हणाला, “आत्या, मी तुला भेट द्यायला गेलो आणि...”

“गप. तू लई चांगलं केलंस. हितं आमाला नाव हाय का न्हाई, ते कोन बघतंय?”

मे महिन्यात तुम्हीही माळशेजला जाताना त्या कमानीखाली गाडी थांबवली असेल. सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला असेल. बाजूला पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन एक म्हातारी बसते, ती फोटोत येत होती म्हणून तुम्ही तिला जरा सरकायला सांगितलंत. मग उत्सुकतेने विचारलंत, “आजी, या कुशाबाई कोण हो?”

“व्हती एक,” ती म्हणाली.

तुम्ही मुलांना सांगितलंत की बघा, एवढ्याशा गावातून माणसं कुठल्या कुठे पोचतात. आणि करवंदांचा भाव जास्त सांगितला म्हणून गाडीची काच वर केलीत.