र्युसेल्सहाइमच्या लाटा

"साताऱ्याच्या माणसाला समुद्राचा तज्ज्ञ कोण म्हणतं हो?" उल्काने पत्र वाचून विचारलं.

शशिधर केस विंचरता विंचरता थांबला. पत्र त्यांच्या जर्मनीतल्या गावाच्या, र्युसेल्सहाइमच्या सर्फिंग फेराइनचं, म्हणजे मंडळाचं होतं. आता र्युसेल्सहाइमपासून समुद्र चारशे किलोमीटरच्या वर; पण मंडळ आहे, अध्यक्षा आहेत, गोल शिक्काही आहे! चूक शशिधरचीच. शेजारच्या फ्राऊ हॉफमाननी कुंपणापलीकडून सहज समुद्राची चौकशी केली, तर या गृहस्थाने हिंदी महासागरातल्या एका बेटावर, खडकाळ खाडीत, आपण तीन मजली लाटेवर कसे स्वार झालो ते हातवाऱ्यांसकट सांगून टाकलं. खरं तर तो काशीदला घोट्यापर्यंत भिजला होता, तेही पँट दुमडून. आणि फ्राऊ हॉफमान निघाल्या मंडळाच्या अध्यक्षा! आता त्याच खाडीची सहल ठरत होती. तिथली परिस्थिती शशिधरने सांगायची आणि पहिल्या लाटेवरही त्यानेच चढायचं.

"खरं सांगून मोकळे व्हा."

"अगं, तीस वर्षांची अब्रू आहे इथली!"

"मग बुडा तिच्यासकट."

सभेला बावीस जण वह्या उघडून बसले होते. उल्का शेवटच्या रांगेत. पडद्यावर सहलीच्या आठवड्याचा अंदाज झळकला. दोन मीटर उंच लाटा, एकीमागून दुसरी चौदा सेकंदांनी, वारा मंद आणि किनाऱ्याकडून समुद्राकडे. याहून झकास काही नसतं, एवढं त्यालाही वाचून कळलं होतं.

"ओहोटीला खडक वर येतात," तो घाईघाईने म्हणाला. "सुरीसारखे!"

आता ही माणसं 'मग हेल्मेटं घालून जाऊ' म्हणणार, असं त्याला वाटलं. पण फ्राऊ हॉफमानचे डोळे लकाकले. "आणि भरतीला?"

"भरतीला दिसतच नाहीत. म्हणजे आणखी वाईट!"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" एक दाढीवाला उठून ओरडला. "शिवाय दुपारी वारा फिरतो!"

"जेलीफिश!"

"विमानात सर्फबोर्ड मोडतात!"

सगळं सभागृह उसळलं. शशिधरलाही चेव चढला. शेपटीच्या फटक्याने होडी उलटवणारा एक मासा त्याने उभ्या उभ्या जन्माला घातला. मतदान झालं, बावीसच्या बावीस हात वर गेले. 'परिस्थिती प्रतिकूल, सहल रद्द,' अशी इतिवृत्तात नोंद झाली, सलग एकोणिसाव्या वर्षी, टाळ्यांच्या कडकडाटात. लगेच केक आला.

शशिधरने हळूच विचारलं, "फ्राऊ हॉफमान, तुमच्यापैकी कोणी कधी सर्फिंग..."

"श्श!" त्यांनी त्याचा दंड गच्च धरला. "गेल्या वर्षीचा तज्ज्ञ म्हणाला, लाटा उत्तम आहेत, निघू या. काढून टाकलं आम्ही त्याला!"

घरी जाताना उल्काचं हसू थांबेना. "सुटलात हो! निदान माझ्याशी तरी आता खरं बोला."

शशिधरने मफलर ऐटीत खांद्यावर टाकला.

"खरं सांगू? लाटा मस्त होत्या गं. या मंडळींचीच छाती झाली नाही."