जावयाच्या मानाचा सिनेमा

वाईट सिनेमा आपल्याला नुसत्या पोस्टरवरून कळतो, असं मोतीलाल अख्ख्या धुळ्यात छाती ठोकून सांगायचा. पोस्टरवर हिरो लुगडं नेसून डोळा मारताना दिसला, की हा पठ्ठ्या रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचा! चित्रपट मंडळात त्याच्या शब्दाला वजन होतं. येत्या रविवारी सकाळी तर त्याचं पहिलंवहिलं जाहीर भाषण होतं. विषय, 'विनोदी सिनेमाची घसरण'. मंडळाच्या भाईदासने त्यासाठी शाळेचा हॉलसुद्धा मिळवला होता.

त्याआधी एकच काम उरलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी गेलेल्या बायकोला, सुनंदाला, सावद्याहून घेऊन यायचं. गुरुवारी जायचं, शुक्रवारी परत. त्यात काय एवढं!

पण लग्नानंतरची पहिली आखाजी, नवा जावई, मान नको का करायला? सासरे जीवराम आबा केळीवाले. पुरणपोळी झाली, आमरस झाला, पँटपीस झालं, तरी त्यांचं समाधान होईना. "यांना सिनेमा फार आवडतो," असं सुनंदा कौतुकाने बोलून गेली मात्र, आबांनी केळी वाहायचा ट्रकच बाहेर काढला! मागे गाद्या टाकल्या, बायापोरं भरली, जावयाला ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि वरात निघाली भुसावळला.

टॉकीजसमोर उतरून मोतीलालने वर पाहिलं. पोस्टरवर हिरो लुगडं नेसून डोळा मारत होता! रस्ता ओलांडायची सोय नव्हती. सासऱ्याने प्रेमाने हात धरला होता.

सिनेमा कसला, जन्मठेप होती ती! हिरोची बाई होते, त्या बाईवर हिरोचाच होणारा सासरा भाळतो, आणि गोष्ट अडली रे अडली की कोणीतरी केळीच्या सालीवरून घसरतं. एकदा तर हवालदार, भटजी आणि म्हैस एकाच सालीवरून! मोतीलालचा जीव नुसता तळमळत होता.

"काय जावईबुवा, कसा वाटला?" बाहेर येताच आबांनी विचारलं. अख्खा ट्रक कान टवकारून उभा होता. आता सासऱ्याने हौसेने दाखवलेल्या सिनेमाला नावं कशी ठेवायची?

"फारच छान!" मोतीलाल म्हणाला आणि इथेच गड्याने माती खाल्ली.

आबांचे धाकटे भाऊ तोताराम काका लगेच पुढे सरसावले. "मंग उद्या मी दाखवतो! जावई काय एकल्या भाऊचाच आहे?"

"काका, मग दुसरा एखादा..."

"दुसऱ्याचा काय भरवसा? तुम्हाले आवडला तोच पाहू!"

शुक्रवारी तोच सिनेमा, तीच म्हैस. पुन्हा "कसा वाटला?" आणि काकांच्या तोंडाकडे बघून पुन्हा "छान!" शनिवारी वरणगावहून चुडामण मामा उगवले. भाचीच्या नवऱ्याचा मान मामाने करायचा नाही, तर कोणी करायचा?

मोतीलालने सुनंदाला स्वयंपाकघरात गाठलं. "आज संध्याकाळची धुळ्याची एसटी चुकली तर माझं भाषण बुडालं! तूच सांग ना आबांना, सिनेमा वाईट आहे म्हणून."

"मी सांगू? दोन दिवस छान छान तुम्ही करताय. आता माझा नवरा खोटारडा आहे, असं मी बापाला सांगू?"

शनिवारच्या दुपारच्या खेळाला मात्र मोतीलालचा बांध फुटला. इंटरव्हलला दिवे लागताच तो ताडकन उठला. "आबा, माफ करा! हा सिनेमा भिकार आहे. परवाही भिकार होता!"

सुनंदाने कपाळाला हात लावला. आबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि मोठा सुस्कारा सोडला.

"सुटलो रे बाप्पा! मले वाटलं, मलेच अक्कल नाई. उभा जन्म केळीत गेला, पण सालीवरून घसरलेली म्हैस मी काई पाह्यली नाई!"

"मी तं काल डोये मिटूनच बसलो व्हतो," काका म्हणाले.

सगळे पोट धरून हसले. तीन दिवसांत त्या टॉकीजमध्ये ही मंडळी पहिल्यांदाच मनापासून हसत होती. मोतीलालला कसं हलकं हलकं वाटलं. खरं बोलणं इतकं सोपं असतं!

"मग निघू आम्ही? एसटी मिळेल अजून."

आबांचा चेहरा एकदम पडला. "असे कसे निघता? भिकार सिनेमा दाखवून जावई वाटेले लावला, तं मान झाला कुठी?"

"माझाबी राह्यला!" काका ओरडले.

"माझा तं अर्धाच झाला!" मामा म्हणाले.

झालं! तिघांचेही मान पुन्हा पहिल्यापासून करायचे ठरले. बायकांनी तर लगेच उद्याची भाजीही ठरवून टाकली.

रविवारी सकाळी भाईदास हॉलच्या दारात रस्त्याकडे डोळे लावून उभा होता, तेव्हा विनोदी सिनेमाच्या घसरणीवरचे वक्ते भुसावळच्या दुसऱ्या टॉकीजमध्ये सासऱ्याशेजारी बसले होते. पडद्यावर एक साधू माकडाशी कुस्ती खेळत होता.

"आवडतो न?" आबांनी काळजीने विचारलं. "खरं सांगा हं. आवडला तं उद्या तोताराम हाच दाखवीन. नाई आवडला तं मी परत दुसरा दाखवीन."

मोतीलालने मूठभर शेंगदाणे तोंडात कोंबले आणि नुसतं डोकं हलवलं. होकारार्थी की नकारार्थी, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.