जावईबापूंचे अठरा तास

विमा कचेरीतल्या साहेबांना स्कूबा डायव्हिंगचं प्रमाणपत्र मिळालं आणि तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी सुखानं श्वास घेतला नाही. "श्वास रोखायचा नाही, पहिला नियम!" असं ते जिना चढणाऱ्या सासूबाईंना सांगत आणि रागानं गप्प बसलेल्या बायकोलाही. जेवताना ताटातला मासा कुठल्या खोलीवर राहतो ते सांगत, त्यामुळे तो मासा कोणाच्या घशाखाली उतरत नसे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टर मेव्हण्यानं त्यांचं नाव पाणकोंबडा ठेवलं होतं. त्याचाही त्यांना अभिमान वाटे.

बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. रविवारी सकाळी दूरच्या एका शहरात तिचा मोठा सत्कार होता आणि शनिवारी संध्याकाळचं विमान होतं. "मला हार नको, शाल नको," तिनं बजावलं होतं. "पहिल्या रांगेत तुम्ही हवे. मागच्या कार्यक्रमासारखे शेवटी ओल्या केसांनी येऊ नका."

"वेडी आहेस का? मी चुकवीन होय?" साहेब म्हणाले होते, आणि ते मनापासून म्हणाले होते.

शनिवारी पहाटे मात्र त्यांना कचेरीत तातडीची बैठक निघाली. बैठक अर्थातच समुद्राच्या तळाशी होती. एकच बुडी मारून परतायचं असं ठरवूनच ते गेले होते. पण वर येता येता एक कासव दिसलं. कासव बघून न बघितल्यासारखं करणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून दुसरी बुडी झाली. दुपारी घरी येऊन ते शीळ घालत बॅगेत मोजे भरत होते आणि एकदम मटकन खाली बसले.

एका बुडीनंतर बारा तास आणि जास्त बुड्या मारल्यावर अठरा तास विमानात बसायचं नसतं. अंगात मुरलेला वायू वर गेल्यावर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. हा नियम त्यांनी घरादाराला, शेजाऱ्यांना, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही पाठ करून घ्यायला लावला होता. विसरले होते ते एकटेच. सकाळच्या विमानानं गेले असते तर पोचेपर्यंत हार सुकले असते.

खरं सांगावं तर बैठकीचं बिंग फुटणार. मग रोज लोकांचे खोटे दावे पकडणाऱ्या साहेबांनी स्वतःच एक दावा ठोकला. पोटदुखीचा. बायको विमानानं पुढे जाईल, आपण रात्रीची बस पकडू आणि सकाळी पहिल्या रांगेत हजर, असा त्यांचा बेत होता.

"अगं आई गं!" ते पलंगावर आडवे झाले. "तू हो पुढे. माझं काय, मी पडून राहीन."

पण बायकोनं भावाला हाक मारली. मेव्हणा आला आणि त्यानं पोट दाबलं.

"इथं दुखतं, भावोजी?"

"हो."

"आणि इथं?"

"तिथं पण." कुठं दुखायला हवं हे माहीत नसल्यामुळे साहेबांनी सगळीकडे होकार दिला.

"अपेंडिक्स," मेव्हणा गंभीरपणे म्हणाला. "आज रात्रीच काढावं लागणार."

"गोळीनं नाही जाणार?"

"अपेंडिक्स आहे, भावोजी, झुरळ नाही."

बायकोनं स्वतःच्या बॅगेतून नवी साडी काढली आणि शांतपणे कपाटात ठेवली. "मग मी जात नाही. सत्कार काय, पुन्हा कधी होईल."

ती साडी कपाटात गेलेली बघून साहेबांच्या पोटात खरंच कळ आली. ते ताडकन उठून बसले. "थांब! काही झालेलं नाही मला. मी... मी समुद्रावर गेलो होतो."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "एकदा उतरलात की दोनदा?"

"दोनदा."

"मग अठरा तासच."

बायकोनं त्यांच्यासमोर आरसा धरला. कपाळापासून वरच्या ओठापर्यंत पाणचष्म्याचा वळ ठसठशीत उमटला होता. "कुठल्या बैठकीत तोंडावर असं कडं उठतं हो? तुम्ही दारात पाय ठेवलात तेव्हाच तुमचं विमानाचं तिकीट रद्द केलं मी. रात्रीच्या बसची दोन तिकिटं काढलीत."

मेव्हणा भिंतीकडे तोंड करून खोकत होता. ते हसणं होतं.

"दोन कशाला?" साहेबांनी विचारलं.

"आई विमानाला घाबरते. तिला बसनं कोण नेणार म्हणून कधीची विचारतेय. तुम्ही काय म्हणालात? रात्रभर सासूशेजारी बसण्यापेक्षा शार्क परवडला."

तेवढ्यात सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "चला जावईबापू. शार्कची सोय झाली नाही, माझ्यावर भागवा."

बसमध्ये जागा मिळाली ती मागच्या चाकावर. प्रत्येक खड्ड्याला साहेबांचा एकेक मणका वेगळा मोजता येत होता. सासूबाईंना झोप येत नव्हती, म्हणून त्यांनी कासवाची चौकशी सुरू केली. ते झोपतं कुठं, त्याला पापण्या असतात का, पाण्याखाली एकमेकांशी बोलता कसं. साहेब आधी खुलून सांगत होते, मग नुसते सांगत होते, आणि शेवटी "हं" म्हणत होते. पाण्याखालच्या सगळ्या खुणा सासूबाईंनी घोटून घेतल्या तेव्हा कुठे उजाडलं.

सत्काराला साहेब पहिल्या रांगेत होते. शर्ट चुरगळलेला, मान वाकडी, पण होते. व्यासपीठावरून बायकोनं त्यांना शोधलं, आणि अंगठा व तर्जनी जुळवून हळूच गोल केला. पाण्याखाली याचा अर्थ 'ठीक आहे ना?' असा होतो. आपली सगळी बडबड हिनं ऐकली होती तर! साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी उत्तरादाखल हात उचलेपर्यंत शेजारून सासूबाईंनी झोकात गोल करून दाखवला.

मग त्या जावयाच्या कानाशी वाकल्या. "उद्याचं तुमचं परतीचं विमान रद्द करा. इथला समुद्र जवळच आहे म्हणे, आणि नवख्यांना हात धरून उतरवणारे शिक्षकही आहेत. मला उद्या कासव बघायचंय. तुम्हीही उतरा माझ्याबरोबर, एकदा सोडून दोनदा. मग तुमचे अठरा तास आलेच, आपण दोघं आपले निवांत बसनं जाऊ."

आयुष्यात पहिल्यांदाच समुद्राचं नाव ऐकून साहेब जागच्या जागी थिजले.

"श्वास रोखू नका, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "पहिला नियम."