ही इज आफ्टर मी

अकोला स्टेशनावरच्या बायकांच्या प्रतीक्षालयात माणिकबाई शिरल्या त्याच मुळी शिकार शोधत. इंग्रजीत बोलता येईल असं एखादं माणूस त्यांना हवं होतं. हैदराबादच्या गाडीला अवकाश होता, आणि तेवढ्या वेळात शेषरावांना एकदा दाखवून द्यायचंच होतं.

शेषराव म्हणजे त्यांचे यजमान. बाळापूरजवळ दोघांचा शेवंतीचा मळा होता. शेषराव फुलं पिकवत आणि माणिकबाई ती बाजारात नेऊन विकत. या व्यवहारात इंग्रजीचा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण लेक मंजुषा हैदराबादला नोकरीला गेली आणि तिची चिमुरडी खुशी पाळणाघरातून थेट इंग्रजी बोलतच बाहेर पडली. फोनवर खुशी "हाय ग्रँडमा" म्हणे, माणिकबाई "हाय" म्हणत, आणि मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसत. एके दिवशी माणिकबाई डोळे पुसत उठल्या आणि शेजारच्या आरतीकडे इंग्रजी शिकायला जाऊन बसल्या. आरती शाळेत इंग्रजीच शिकवायची.

"मावशी, आपल्यात सोबत, साठी, मागून हे शब्द माणसाच्या मागं लागतात," आरतीनं सांगितलं. "माझ्यासोबत, माझ्यासाठी. इंग्रजीत ते पुढं चालतात आन माणूस मागं. विथ मी, फॉर मी. एकटा असला की तो 'आय', पन पुढं असा शब्द आला की त्याचा 'मी' होते. तसाच 'ही'चा होते 'हिम'."

"म्हनजे हिंडून-फिरून मी तो मीच?" माणिकबाई हरखल्या. अर्धी इंग्रजी तर आपल्याला जन्मापासूनच येत होती!

'ही' या शब्दानं तर त्यांना जिंकूनच घेतलं. त्यांनी उभ्या जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'आमचे हे' एवढ्यावर संसार पार पडला होता. आता इंग्रजीतही 'ही' निघाला. "बाप्पा! साहेबाच्या बायाबी नवऱ्याचं नाव घेत नाहीत वाटते!" त्या म्हणाल्या.

आरतीचा वर्ग रोज "रिपीट आफ्टर मी" या वाक्यानं सुरू व्हायचा. त्याचा अर्थ 'माझ्या मागून म्हणा' असा होतो, हे माणिकबाईंनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. आफ्टर मी म्हणजे माझ्या मागून. हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी चुकल्या नसत्या.

शेषराव मात्र हसत. "घरात कोनीबी बोलते. बाहेर तोंड उघडून दाखव, तं मानीन," असं ते आज सकाळीच एसटीत म्हणाले होते.

प्रतीक्षालयात चष्मा लावलेल्या एक मॅडम पुस्तक वाचत बसल्या होत्या. त्या चेन्नईच्या होत्या. कृषी विद्यापीठात काही परिषद होती, तिथून परतत होत्या. मराठी नाही, हिंदीही बेताचीच. माणिकबाईंना देव पावला. त्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गुड मॉर्निंग. आय माणिक."

मॅडम गोड हसल्या. "आर यू अलोन, अम्मा? नोबडी विथ यू?"

माणिकबाईंनी नीट विचार केला. विथ म्हणजे सोबत. सोबत तर कुणी नव्हतं. रिक्षातून सामान काढून शेषराव मागून येत होते. उगाच चुकीचा शब्द कशाला वापरायचा?

"नो विथ मी," त्या ठामपणे म्हणाल्या. "ही इज आफ्टर मी."

मॅडमनी पुस्तक मिटलं. आता, इंग्रजीत एखादा पुरुष एखाद्या बाईच्या 'आफ्टर' असला, की तो नुसता मागून चालत येत नसतो, तर वाईट हेतूनं तिच्या मागं लागलेला असतो. हे आरतीच्या वर्गात अजून आलं नव्हतं.

नेमके त्याच वेळी शेषराव दारात उगवले. भरदार मिशा, घामानं डबडबलेलं कपाळ, दोन्ही हातांत पिशव्या आणि गळ्यात माणिकबाईंची लाल पर्स. बायकांच्या खोलीत शिरता येईना, म्हणून ते दारातूनच मान खालीवर करत माणिकबाईंना बाहेर येण्याच्या खुणा करू लागले.

"दॅट मॅन?" मॅडम कुजबुजल्या. "यू नो हिम?"

"येस, येस. ही फ्रॉम बाळापूर. आफ्टर मी सिन्स मॅरेज." 'लग्नापासून' हे इतकं सफाईनं जमल्यावर माणिकबाईंचा चेहरा खुलला.

"ओ गॉड! व्हॉट डज ही वॉन्ट फ्रॉम यू?"

"टी फ्रॉम मी. भाकर फ्रॉम मी. एव्हरीथिंग फ्रॉम मी!"

मॅडमनी त्यांचा हात घट्ट धरला. "आर यू अफ्रेड ऑफ हिम?"

हा प्रश्न नाजूक होता. खरं म्हणजे माणिकबाई कुणालाच भीत नव्हत्या. पण परक्या बाईसमोर नवऱ्याचा मान ठेवायला हवा. "लिटल," त्या लाजून म्हणाल्या.

"यू सिट हिअर," असं म्हणून मॅडम तडक उठल्या आणि शेषरावांकडे जळजळीत नजर टाकून बाहेर गेल्या. माणिकबाई पदरानं वारा घेत बसल्या. इतका वेळ इंग्रजी, आणि एकदाही अडल्या नव्हत्या! आरती इथं असायला हवी होती.

मॅडम परतल्या त्या महिला हवालदार सुभद्रा आणि एका शिपायाला घेऊन. सुभद्रानं शेषरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काहो बुढेबा, त्या बाईच्या मागं काहून लागले तुमी?"

शेषरावांना वाटलं, पोरगी मस्करी करून राहिली. "आज थोडीच लागलो? लग्नापासून लागलो!" ते हसत म्हणाले.

मॅडमचं म्हणणं आणि आरोपीचा जबाब तंतोतंत जुळला. सुभद्राची नजर पर्सवर गेली. "ही पर्स कोनाची?"

"तिचीच. मीच ठेवतो माह्यापाशी."

"चाला चौकीत!"

"अवो बाई, बायको हाये ते माही!"

"सगळे असंच म्हनतात," शिपाई म्हणाला आणि त्यानं पिशव्या ताब्यात घेतल्या. मॅडम माणिकबाईंना खांद्याला धरून मागोमाग घेऊन निघाल्या. दारातलं बोलणं फलाटावरच्या गोंगाटात ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे काहीतरी सत्कारबित्कार असावा, अशीच माणिकबाईंची समजूत होती.

चौकीतल्या बाकड्यावर शेषराव गळ्यात पर्स घालून बसलेले पाहिल्यावर मात्र त्या चमकल्या.

"मावशी, भेऊ नका," सुभद्रा म्हणाली. "सांगा, हा मानूस तुमचा कोन?"

"अवं, सांग न यायले, मी तुहा कोन हावो ते!" शेषराव कळवळले.

सांगणं मराठीत अगदी सोपं होतं. पण समोर मॅडम उभ्या होत्या. 'बाहेर तोंड उघडून दाखव' म्हणणारा माणूसही समोरच बसला होता. अशी संधी पुन्हा कधी येणार? माणिकबाईंनी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ही इज माय ही."



"युअर... हू?" मॅडमनी विचारलं.

"माय ही! माय ओन ही!"

शिपाई डोकं खाजवू लागला. सुभद्रा मात्र क्षणभर थबकली. तिच्याही घरी एक 'आमचे हे' होतेच. एकदम तिला खुदकन हसू फुटलं.

"मॅडम! ही इज हर ही! आमचे हे! हजबंड, हजबंड!"

"हजबंड?" मॅडम माणिकबाईंकडे वळल्या. "देन व्हाय डिड यू से ही इज आफ्टर यू?"

"आफ्टर ओन्ली!" माणिकबाई वैतागून म्हणाल्या. इतकं सोपं कसं कळत नाही? "फर्स्ट आय कम. देन ही कम. बॅग विथ हिम!"

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठून त्यांनी शेषरावांना हात जोडले. सुभद्रानं माणिकबाईंना बाजूला घेऊन 'आफ्टर मी'चा दुसरा अर्थ समजावला. मागून येणाऱ्याला 'बिहाइंड मी' म्हणायचं, हेही सांगितलं. माणिकबाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात गाडी आली. शेषरावांनी मुकाट्यानं पिशव्या उचलल्या, पर्स बायकोच्या हातात दिली, आणि दोघं डब्यात चढले.

वाशीम आलं तरी शेषराव बोलेनात. माणिकबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आपल्या इंग्रजीनं नवऱ्याला चौकीत बसवलं. आता खुशीपुढं तोंड उघडायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तेवढ्यात मंजुषाचा फोन आला. शेषरावांनीच उचलला.

"मंजू, तुह्या मायनं मले आज पोलिसात देलं!" ते ओरडले. "भांडन? भांडन कायचं? ऐक तं! आख्खी तक्रार इंग्रजीत! चेन्नईची मोठी मॅडम होती, तिले सारं समजलं. आन चौकीत? पोलिसाईपुढं बी इंग्रजीच! मी म्हनलं मराठीत सांग, तं आयकेचना! तुह्या सासरी हाये का कोनी असं? नाही न? मंग!"

माणिकबाईंनी हळूच मान वळवली. शेषरावांची छाती शर्टात मावत नव्हती.

फोन ठेवेपर्यंत अर्धा डबा त्यांच्याकडे पाहत होता. समोरच्या बाकावरच्या माणसानं "काय झालं, काका?" एवढंच विचारलं, आणि शेषरावांनी पाय वर घेऊन मांडी घातली. या खेपेला मॅडम थेट विलायतेहून आल्या आणि चौकीत मोठे साहेब अवतरले.

"...आन मले न्यायले धा-बारा पोलीस!"

"अवो, दोघंच होते," माणिकबाई पुटपुटल्या. "ते पोरगी आन तो शिपाई."

"तू चूप बस," शेषराव म्हणाले. "इंग्रजी तुही असंन, पन अटक माही हाये. मले सांगू दे."