सदर मशीन फिरत नाही

इंगोले काका कुत्र्यालासुद्धा 'सदर' म्हणतात.

सकाळी फाटक उघडून बाहेर येतात, ओट्यावर वेटोळं करून झोपलेल्या गल्लीतल्या कुत्र्यासमोर उभे राहतात आणि दोन्ही हात मागे बांधून विचारतात, "सदर ठिकाणी झोपायची परवानगी कोणी दिली, याचा खुलासा करावा." कुत्रं एक डोळा उघडतं, शेपटी हलवतं, डोळा मिटतं. "खुलासा असमाधानकारक," म्हणत काका आत जातात आणि उरलेली भाकरी आणून त्याच्यापुढे टाकतात.

काकांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले आणि कळमनुरीतच घर बांधून राहिले. त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहते, इथल्या शाळेत शिकवते. काकांची बोली आपली इकडचीच, 'काहून', 'व्हय', 'न्हाई' सगळं आहे. पण बोलता बोलता, शिपायानं मधेच फाइल आणून ठेवावी तशी कचेरी येऊन बसते. आठवडी बाजारात शेपूची जुडी नाकाशी धरून म्हणतात, "ही प्रथमदर्शनी शिळी दिसून राहिली." भाजीवाली म्हणते, "घ्यायची तं घ्या, न्हाई तं ठेवा खाली." "तुमचं म्हणणं नोंदीवर घेतलं," म्हणतात आणि गुपचूप पिशवीत टाकतात.

काकूंची तर कायमची तक्रार. "संसाराला इतकी वर्सं झाली, पण हे जेवायला बसले की वाटतंय, तपासणीला आलेत. वरणात मीठ कमी असलं तं म्हणतेत, मिठाबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी. मी म्हणते, बरणी तुमच्या हाताशी हाय. करा कार्यवाही!"

मला मुलगी झाली तेव्हा माझी आई इथून जवळच्या गोरेगावहून जीपनं आली. आमचे हे नांदेडला नोकरीला, रविवारी येणार. त्यामुळे घरात आम्ही तिघीच. आभाळ असं भरून राहिलेलं की आठवडाभर उन्हाचं तोंड दिसलं नाही. आणि तान्ह्या बाळाच्या घरात कपडे किती निघतात, ते ज्यांनी वाळवलेत त्यांनाच माहीत. लंगोट, दुपटी, झबली, पायमोजे. दोऱ्या भरल्या, खुर्च्यांच्या पाठी भरल्या, शेवटी आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्यालाही एक झबलं लटकवलं. सगळी भिस्त मशीनवर. मशीन साधंच, दोन टाक्यांचं. एकीत धुवायचं, दुसरीत म्हणजे ड्रायरमध्ये पिळायचं.

आणि नेमका ड्रायर बसला.

बसला म्हणजे पूर्ण बंद नाही. बटण फिरवलं की घुर्रर करायचा, दमलेल्या बैलासारखा एक-दोन फेरे घ्यायचा आणि उभा राहायचा. कपडे आत घातले तसेच ओलेगच्च बाहेर. आई हातानं पिळायला लागली. तिची बोटं आधीच सांध्यांनी दुखायची, आता सुजली. मेकॅनिक फोनवर रोज म्हणायचा, "उद्या येतो मॅडम." मला बाळापेक्षा आईच्या बोटांकडे बघून रडू यायला लागलं.

घुर्रर आवाज भिंतीपलीकडे गेला असणार. एका सकाळी काका दारात हजर. हातात पान्यांची पिशवी.

"मॅडम, सदर मशीन फिरत न्हाई, असं कानावर आलं. स्थळपाहणी करावी म्हणलं."

कुंपणापलीकडून काकू ओरडल्या, "पोरी, त्यांच्या हाती पाना देऊ नको गं!"

"हरकत फेटाळली," काका म्हणाले आणि आत आले.

स्थळपाहणी बराच वेळ चालली. काकांनी मशीनभोवती प्रदक्षिणा घातली, झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग निकाल दिला, "मशीनचा एक पाय अधांतरी हाय. तोल न्हाई, म्हणून गती न्हाई." पायाखाली लाकडाची पाचर सारली. मशीन अगदी सरळ उभं राहिलं, आणि घुर्रर करून थांबलं.

दुसऱ्या दिवशी मागचा पत्रा उघडायचं ठरलं. "मुख्य वीजपुरवठा खंडित करण्यात यावा!" काकांनी हुकूम सोडला आणि स्वतःच मेन स्विच खाली ओढला. मशीनची पिन काढली तरी भागलं असतं, पण ते सांगायच्या आत पंखा थांबला, बाळ उठलं आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. आई एका हातानं पाळणा हलवतेय, दुसऱ्या हातानं पदरानं वारा घालतेय. काका मोरीत मशीनमागं उकिडवे बसलेले. मी मोबाइलचा उजेड धरून उभी. आत एक तार होती, ड्रायरच्या ब्रेकची. काकांनी ती ओढून बघितली, सैल करून बघितली, घट्ट करून बघितली. "तारेचा दोष आढळून आला न्हाई," असं जाहीर केलं.

एक गोष्ट मात्र आईला खटकत होती. काका इतक्यांदा आले, पण पाळण्याकडे फिरकले नाहीत. उंबऱ्यातूनच विचारायचे, "बाळाची प्रकृती समाधानकारक?" आणि उत्तर यायच्या आत मोरीकडे. आई मला म्हणाली, "कसला माणूस हाय बाई. शेजारी लेकरू जन्मलं, अन् तोंड बी बघत न्हाई."

पुढच्या खेपेला काकांनी ड्रायरची टाकीच बाहेर काढायचं मनावर घेतलं. खालचे बोल्ट गंजलेले. काका घामानं न्हाले, बनियनवर आले, दोनदा बोट चेंगरलं. कचेरीची भाषा गळून पडली आणि बोल्टच्या सगळ्या खानदानाचा उद्धार झाला. काकू चहा घेऊन आल्या त्या दारातच हसत उभ्या राहिल्या. "आता कसं माणसावानी बोलून राहिले!"

एकदम टाकी सुटली. काका ती पोटाशी धरून मागे बसलेच. मी उजेड आत टाकला. मधल्या दांड्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं. काकांनी कोपरापर्यंत हात घालून, हलके हलके, उलटे वेढे सोडवत ते बाहेर काढलं.

बाळाचा पायमोजा. अंगठ्याएवढा, पिवळा, काळ्या वंगणानं माखलेला. कपडे घातल्यावर वरून जाळीची चकती ठेवायची राहिली असणार आणि हा उडून टाकीच्या कडेनं खाली गेलेला.

"सापडला चोर!" आई ओरडली. मला वाटलं आता पंचनामा होणार, अहवाल सादर होणार. पण काकांनी तो मोजा नळाखाली धरला. साबण लावला. दोन बोटांनी चोळून चोळून धुतला, पिळला आणि तळहातावर ठेवून बघत बसले.

मग मान वर न करता काकूंना विचारलं, "नाव काय ठेवलं त्याचं?"

काकूंनी कप खाली ठेवला. "साकेत," त्या म्हणाल्या.

मला काहीच कळेना. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा, नाशिकला नोकरीला. तिनं तिथलाच एक मुलगा पसंत केला आणि बापासमोर बसून तसं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "प्रस्ताव नामंजूर." तेवढंच. पोरगी बी ह्यांचीच. म्हणाली, "ठीक हाय बाबा. मी अपील करणार न्हाई." उठून गेली, लग्न केलं. तेव्हापासून बापलेकीत बोलणं नाही. वर्षापूर्वी तिला मुलगा झाला. काकू चोरून व्हिडिओवर बघतात. काका त्या वेळी अंगणात जाऊन उभे राहतात.

"लई खेप बोलावं वाटतंय त्यांना," काकू म्हणाल्या, "पण दुसरी भाषाच येईना झाली बघ."

एवढं बोलून त्यांनी पदराआडून मोबाइल काढला आणि सरळ नंबर लावला. त्यांना फोन स्पीकरवरच लागतो.

"आई? आत्ता कशी काय गं?" पलीकडून आवाज आला. काकूंनी काही न बोलता फोन काकांच्या तोंडासमोर धरला.

काकांनी ओले हात बनियनला पुसले. घसा साफ केला. "विषय..." म्हणाले आणि अडकले.

"बाबा?"

काकांनी इकडे तिकडे बघितलं, समोर उघडं पडलेलं मशीन दिसलं. "तुझ्याकडं कपडे धुवायचं मशीन हाय का गं?"

"हाय की."

"फिरतं का बराबर?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. "न्हाई, बाबा. अजिबात फिरत न्हाई."

"मंग इतके दिवस काहून सांगितलं न्हाई?"

"तुमी विचारलंच न्हाई."

"लेकराचे कपडे कसे वाळवून राहिली गं बाई मंग?" काकांचा आवाज फुटला. "थांब. येतो मी. तुझ्या आईला घेऊन येतो. मेकॅनिकला बोलवू नको."

त्यांनी आमची टाकी परत बसवली, बोल्ट आवळले, बटण फिरवलं. ड्रायर असा सुसाट फिरला की आई दचकली. काका मात्र तिकडे बघायलाही थांबले नाहीत. हात धुऊन पाळण्याशी गेले, माझ्या लेकीच्या तळपायाला एक बोट लावलं आणि संध्याकाळच्या गाडीचं बघायला स्टँडवर निघून गेले.

काही दिवसांनी काकूंचा नाशिकहून फोन आला. "अगं, काय सांगू! मशीन तं चांगलंच होतं. नवं कोरं, पुढून दार असलेलं. पोरगी बापाशी खोटं बोलली."

"मग काका चिडले?"

"कशाचे! नातवाला मांडीवर घेतलं, अन् दुसऱ्या दिवशी मशीन उघडलं."

"चालू मशीन?"

"चालू! म्हणे, एवढ्या लांबून आलो, उघडल्याबिगर कसं जावं? आता मातर खरंच फिरत न्हाई. महिना लागंल म्हणतेत. प्रज्ञा म्हणते, लागू द्या."

"अन् तोवर कपडे?"

काकूंना हसू आवरेना. "हे आन् जावई. चादरीचं एक टोक ह्यांच्या हातात, एक त्याच्या. रोज सकाळी गच्चीवर उभं राहून दोघं पिळून राहिलेत."