लसवाले अप्पा अन् वरच्या कप्प्यातला गोळा

हे आत्ताच सांगायला पाहिजे. उद्यावर टाकलं तर माझं पोट फुटंल, न्हाईतर मी नको त्या माणसाला सांगून बसंल.

आमच्या शेजारचे लसवाले अप्पा कुल्फीला थर्मामीटर लावतेत. खरंच. हळ्ळीखेडच्या जत्रेत गाड्यापाशी उभं राहून विचारतेत, "मधी पघळून परत गोठलंय का हे?" आता कुल्फीवाला अप्पांना लांबून बघितला की गाडाच वळवतोय.

अप्पा सरकारी दवाखान्यात लसी सांभाळतेत. पोलिओची बाटली एकदा गरम झाली की गेली, परत गार करून उपयोग न्हाई. हे वीस वर्सं जपून जपून त्यांच्या अंगातच मुरलंय. दोन वर्सांखाली त्यांनी बदलून गेलेल्या एका साहेबाचा जुना फ्रिज घेतला, तवापासून गल्लीतल्या कुणाच्याच स्वयंपाकघराला शांतता न्हाई.

आमच्या गावात बकरं फक्त गुरुवारी, बाजारच्या दिवशी कापतेत. अप्पा अर्धा किलो मटण आणून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतेत. शनिवारी दिवेलागणीला तो गोळा खालच्या कप्प्यात उतरवायचा, खाली खोल ताट, पाणी गळून भाजीवर जाऊ नये म्हणून. रात्रभर त्याचा त्याला सुटू द्यायचा. सुटला की रविवारी शिजवायचाच, परत वर ठेवायचा न्हाई. मी एकदा विचारलं, ओट्यावर ठेवलं तर कामून चालत न्हाई, लवकर होतंय की. अप्पा म्हणाले, "वरून गरम, आतून दगड. आतलं झोपेतच असतंय, तवर वरचं नासून जातंय. निधान, पोरी, निधान." निधान म्हणजे कन्नडात सावकाश. हा शब्द अप्पा दिवसातनं पन्नास डाव म्हणतेत. सायकलवरून पडतानाबी म्हणाले होते.

रविवारी संध्याकाळी शेवटची बस गेली की अप्पा मटणाचं पातेलं आमच्या घरी आणून देतेत. म्हणतेत, जरा जास्त झालं. आई म्हणती, एकट्या माणसाला अंदाज येत न्हाई. मी काही म्हणत न्हाई. मी खाते.

तर मागल्या आठवड्यात मिलिंदचं कार्ड आलं. मिलिंद अप्पांचा एकुलता एक पोरगा. दवाखान्याची नोकरी नको म्हणून भांडून हैदराबादला छापखान्यात गेला, दोन वर्सं घरात पाय न्हाई. रविवारी येतो, दुपारच्या बसनं परत जातो, एवढंच लिहिलं होतं. अन् नेमकं अप्पांना शनिवारी लसी आणायला बीदरला जायचं होतं, मुक्कामबी तिथंच. जाताना माझ्या हातात किल्ली दिली अन् एकच काम सांगितलं. तीन डाव सांगितलं. मला रागच आला. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हाय, एक गोळा वरून खाली ठेवायला किती अक्कल लागती?

लागती. शनिवारी शेजारी टीव्हीवर सिनेमा होता. हिरॉइनीसंगं रडून रडून मी घरी आले अन् झोपले.

सकाळी फ्रिज उघडला तर गोळा वरच. मग मी जे केलं ते अप्पांच्या वैऱ्यानंबी केलं नसतं. बंबातल्या कढत पाण्यात बुडवला. माळवदावर उन्हात ठेवला. मांजर आलं, म्हणून मांजराची राखण करत बसले. शेवटी वरवंटा हाणला, तो उसळून माझ्याच अंगठ्यावर बसला. दहा वाजता अप्पा आले तवा गोळा बाहेरून पांढरा, चिकट, वास मारायलेला, अन् मधी दगड.

अप्पांनी बोटानं दाबून बघितला. थर्मामीटर काढलंच न्हाई. परसात खड्डा खणला अन् पुरला. मी रडायले. रडत रडतच म्हणले, चांगलं उकळलं असतं, कुणाला कळतंय.

अप्पा हात धूत म्हणाले, "दोन वर्सांनं पोरगं जेवायलंय इथं. आजारी पडून जायला नको."

मिलिंद आला. बस कशी होती, बरी होती, एवढंच बोलून बाप-लेक जेवायला बसले. मी पिठलं, जवारीच्या भाकरी अन् शेंगाची चटणी वाढली. मिलिंदनं नुसतं ताटाकडं बघितलं.

"मटण होतं रे," अप्पा म्हणाले. "काल खाली काढायचं मीच इसरलो."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, अन् त्यात भाकर घातली.

मिलिंद हसायलाच लागला. "तुमी? इसरलाव? अप्पा, माझ्या शाळेच्या डब्यातल्या दह्याला थर्मामीटर लावत होताव तुमी." अप्पाबी हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले. मग दोघं बोलायला लागले, छापखाना, लसी, गावातली भांडणं, कशावरबी. बोलता बोलता मिलिंद म्हणाला, "मला पिठलं चालतंय. अन् तुमी तरी कुठं खाताव मटण? आई गेल्यापासून सोडलाव की."

मी हातातला घास ताटात ठेवला. दोन वर्सं. दर गुरुवारी अर्धा किलो, शनिवारी खाली, रविवारी चुलीवर, अन् शेवटच्या बसमधनंबी मिलिंद उतरला न्हाई की पातेलं आमच्या घरी. अन् मी हाडंसुद्धा चोखून खाल्लीत.

दुपारी जायचा मिलिंद संध्याकाळच्या बसनं गेला. स्टँडवर मीबी होते, त्याची पिशवी धरून. खिडकीतनं तो म्हणाला, पुढच्या बारीला गुरुवारी येतो, ताजंच आणू, तुमीबी खायचं. अप्पा म्हणाले, गुरुवारी लसीकरण असतंय. बस हलली. तवा अप्पा खिडकीला हात लावून चार पावलं पळाले.

"रजा टाकतो," म्हणाले.

वीस वर्सांत त्यांनी एक रजा टाकली न्हाई, हे अख्ख्या दवाखान्याला ठाव हाय.

मिलिंदला खरं मी अजून सांगितलं न्हाई. तुमची चूक अशी कुणी आपली म्हणून घेतली का कधी? अन् तुमीबी नुसतं ताटात बघत बसलाव का? झालं असंल तर सांगा. मला एकटीलाच लाज वाटायलीय.